वारीतल्या लहान मुलीचा फोटो टाकू की नको?

मदत हवी आहे. यंदा माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चाललो, अर्थात कॅमेरा गळ्यात. दिवे घाट चढून वर आल्यावर टँकरच्या नळाखाली पाय धुणारी सहा-सात वर्षांची मुलगी टिपली. कपाळावरचा बुक्का घामाने नाकापर्यंत ओघळलेला, दातांत अर्धं केळं. एवढा चांगला फोटो मला वर्षभरात मिळालेला नाही.

आई शेजारीच होती. मी कॅमेरा दाखवून मान हलवली, ती हसली. पण ते हसणं म्हणजे इन्स्टाग्रामवर टाकायला होकार धरायचा का? नाव-गाव विचारायचं राहूनच गेलं. मागच्या ट्रकवर दिंडी क्रमांक तेवढा दिसतोय (टाकलाच तर तो पुसूनच टाकेन).

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितली आहे, निव्वळ वैयक्तिक वापराला सूट आहे, एवढं वाचलंय. कायदा राहू दे; माझ्या भाचीचा असा फोटो कुणी टाकला असता तर मी भांडायला गेलो असतो.

तुम्ही वारीत, जत्रेत आईबापांना नेमकं काय म्हणून विचारता? आणि दिंडी क्रमांकावरून विणेकऱ्यांमार्फत त्या माउलीला गाठता येईल का?