हू वेइयोंगला मारलं, पण महामंत्रीपद का मारलं?

अश्वत्थ: काल चीनच्या मिंग काळावरच्या धाग्यात एकानं ठोकून दिलं, "महामंत्री हू वेइयोंग कटवाला होता, पहिला मिंग बादशहा झू युआनझांगनं त्याला मारून राज्य वाचवलं." रात्री झोप लागली नाही. १३८० मध्ये पकडला आणि काही दिवसांतच मारला, त्यात चौकशी कसली झाली? जपानी आणि मंगोलांशी संगनमताचे आरोप तो मेल्यावर वर्षानुवर्षं चिकटवत गेले. १३९० मध्ये म्हाताऱ्या माजी महामंत्री ली शानचांगला त्याच कटात गोवून घरच्यांसकट संपवलं. बळी ३०,००० च्या वर! एवढे कटवाले असते तर झू तख्तावर राहिला असता का?

करडई: साफ असहमत. १३७९ मध्ये चंपाचे (आजच्या व्हिएतनाममधल्या राज्याचे) दूत नजराणा घेऊन राजधानी नानजिंगला आले, ते हूनं बादशहाला कळवलंच नाही. आणि झूचा सल्लागार लिऊ जी? त्यानं आधीच बजावलं होतं की हूला गाडीला जुंपाल तर दांड्या मोडेल. पुढे तो आजारी पडला, हू वैद्य घेऊन गेला. औषध पोटात गेल्यावर तिथे दगड साचल्यासारखं वाटू लागलं. १३७५ मध्ये गेला.

अश्वत्थ: वैद्यासोबत हूला पाठवलं बादशहानंच, ते का गाळलंत? आणि कटाची चुगली करणारा तू जिए, त्याचीही मान हूबरोबरच गेली.

कोजागरी: दोघंही माणसावरून भांडताय. चीनच्या पहिल्या साम्राज्यापासूनचं, छिन काळापासूनचं महामंत्रीपद झूनं मोडलं, पुन्हा काढाल तर खबरदार म्हणून वंशजांना बजावलं. पुढे १३८४ मध्ये आठ दिवसांत १,६६० अर्ज, ३,३९१ बाबी एकट्यापुढे! माझे वडील एका सहकारी साखर कारखान्यात हेडक्लार्क होते. चेअरमननं एमडीला काढलं, जागा भरलीच नाही. ऊसबिलांच्या फायली लाल फडक्यात बांधून जीपनं बंगल्यावर जायच्या. पहिला हंगाम निभला. मग चेअरमन आजारी पडले, गठ्ठे तसेच पडून. शेतकरी आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, आई चहा करून थकायची.

करडई: आमच्याकडे उलटं. एमडी मळीच्या टँकरमागे पैसे खायचा. त्याला हाकलल्यावरच बिलं वेळेवर आली. हेडक्लार्कना हे दिसत नसतं?

कोजागरी: वडिलांवर जाऊ नका. निवृत्तीच्या दिवशीही सायकलवरून घरी आले ते.

करडई: बरं, ते शब्द मागे घेतो. पण चोर काढणं चूक नव्हतं.

कोजागरी: चोर काढा, खुर्ची कशाला मोडता? झू पहाटेपासून खपला म्हणून चाललं. त्याच्याच वंशातला बादशहा वानली वर्षानुवर्षं दरबारात आला नाही, रिकाम्या जागा रिकाम्याच राहिल्या. मिंग बुडाल्यावर विचारवंत हुआंग झोंगशीनं दुखण्याचं मूळ ही खुर्ची मोडण्यातच दाखवलं.

अश्वत्थ: पटलं. चंपाच्या दुतांचंही मान्य, करडई, तेवढंच. ३०,००० माणसांचा हिशेब तुम्ही अजून दिलेला नाही.