कोझुमेल : जहाज एका दिवसापुरतं थांबणार असेल तर

प्रश्न असा : क्रूझचं जहाज मेक्सिकोतल्या कोझुमेलला एक दिवस थांबलं, तर तेवढ्यात उतरून चिचेन इत्झा, म्हणजे माया संस्कृतीच्या प्राचीन शहराचे अवशेष, बघून होतील का. माझं मत : नाद सोडा. कोझुमेल बेट आहे. आधी फेरीबोटीने मुख्य भूमीवरचं प्लाया देल कार्मेन गाठायचं, त्यातच पाऊण तास जातो, पुढे बसचा लांबचा प्रवास. माया अवशेषच बघायचे तर बेटावरच सान हेर्वासिओ आहे. लहान आहे, पिरॅमिडची भव्यता नाही, पण इश्चेल देवीचं हे जुनं तीर्थक्षेत्र निवांत बघता येतं.

घड्याळ मात्र सांभाळा. कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात येतं, तिथे 2015 पासून वर्षभर एकच वेळ असते, उन्हाळ्यात काटे पुढे करत नाहीत. त्यामुळे जहाजाची वेळ आणि बेटाची वेळ यांत तासाचा फरक पडू शकतो. परतताना जहाजाचीच धरा.

टॅक्सीला मीटर नसतो, भाडं बसण्याआधीच ठरवा. पोहायला पश्चिम किनारा. पूर्वेकडे लाटा दांडग्या, तिकडे फक्त फोटो.

शाकाहारी मंडळी, राजम्यासारख्या दिसणाऱ्या घोटलेल्या बीन्समध्ये बऱ्याचदा डुकराची चरबी असते. 'सिन मांतेका' म्हणजे चरबीशिवाय, एवढं पाठ करून जा.