मदत हवी आहे : घरगुती मसाल्याच्या धंद्यासाठी करंट अकाउंट

नमस्कार मंडळी, साताऱ्यात घरूनच कांदा लसूण मसाला, भाजणी, मेतकूट करून विकते, प्रोप्रायटरशिप माझ्या नावावर, कामाला कुणी नाही. आत्तापर्यंत सगळे पैसे सेव्हिंगमध्येच यायचे पण आता दोन दुकानदार म्हणतायत की पेमेंट धंद्याच्या नावावरच करणार, चेक फर्मच्या नावाने निघतो, त्यामुळे करंट अकाउंट लागणारच.

उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) आहे, फूडचं रजिस्ट्रेशन आहे, पॅन आधार आहेच. जीएसटी नाही, उलाढाल 40 लाखांच्या आसपासही नाही. शॉप ॲक्टची ऑनलाइन पावती काढलीय, 20 पेक्षा कमी कामगार असले की लायसन्स नसतंच, फक्त सूचना द्यायची असते. पण एका बँकेत साहेब म्हणाले ही पावती चालणार नाही, गुमास्ता लायसन्सच (म्हणजे शॉप ॲक्टचं लायसन्स) आणा, आता जे निघतच नाही ते आणू कुठून? रिझर्व्ह बँकेच्या नियमात धंद्याचे दोन पुरावे सांगितलेत आणि तेवढे देणं शक्य नसेल तर बँक खात्री करून एकावरही खातं उघडू शकते, हे दाखवलं तरी ऐकलं नाही. लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यांचं संमतीपत्र मिळेल.

दुकानदार बरेचसे रोख देतात, म्हणून कॅश भरायचा चार्ज आणि मिनिमम बॅलन्स दोन्ही कमी हवेत, 10 हजारांच्या वर अडकवून ठेवणं जमणार नाही. निव्वळ ॲपवरचं खातं नको, रोख भरायला शाखा लागते.

उद्यम आणि ती पावती एवढ्यावर कुणी अलीकडे करंट अकाउंट उघडलंय का, कुठल्या बँकेत, आणि महिन्याला खरोखर किती कापले जातात?