मदत हवी आहे : अभ्यासिकेत खेळती हवा कशी आणावी?

नमस्कार मंडळी,

पुण्यात पेठेत माझी छोटी अभ्यासिका आहे. पहिला मजला, ३० बाय १८ फूट, उंची १० फूट, ४५ खुर्च्या. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत बसतात. हॉर्नच्या त्रासामुळे खिडक्या बंद आणि दोन स्प्लिट एसी चालू.

दोन महिन्यांपूर्वी आमच्यातल्या एका मुलाला फुफ्फुसाचा टीबी निघाला. तो गावी आहे, औषधं चालू आहेत, मी दर रविवारी फोन करते. बाकीच्यांच्या तपासण्या झाल्या. जागामालक म्हणाले, त्याची खुर्ची फेका, फिनेलनं पुसून घ्या. खुर्ची मी ठेवली आहे, त्याला परत यायचंय. टीबी खुर्चीवरून पसरत नाही. खोकल्यातून आलेले जंतू कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगतात आणि तीच हवा बाकीच्यांच्या छातीत जाते. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, आतलीच गार करून फिरवतो, हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. फार लागून राहिलंय ते.

खोलीत श्वासातून सोडलेली हवा किती साचते ते कळावं म्हणून कार्बन डायऑक्साइडचा मीटर आणला. बाहेर ४३०, आत दुपारी चार वाजता २८०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग)! समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तर अर्ध्या तासात ९०० वर आला. पण रस्त्याचा धूर आणि आवाज इतका की मुलांनीच लावून घेतल्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा सांगितली आहे. म्हणजे मला ४५० लिटर, साधारण ९५० सीएफएम (मिनिटाला घनफूट) लागेल. मागे वाड्याचं अंगण आहे, शांत. तिकडून झरोक्यांनी हवा आत घ्यायची आणि रस्त्याच्या बाजूला १२ इंची दोन एक्झॉस्ट बसवून बाहेर फेकायची, असा विचार आहे. संडासची खिडकीही त्याच अंगणात उघडते, तिथली हवा ओढली जाईल का? झरोके किती मोठे ठेवावेत? एसी २७ वर ठेवून छताचे पंखे चालवले तर बिल आवाक्यात राहील का?

शिवाय, मर्व्ह-१३ दर्जाचे (बारीक कण गाळणारे) चार फिल्टर चौकोनात चिकटवून वर पंखा लावतात, तो कॉर्सी-रोझेन्थल बॉक्स पुण्यात कुणी केला आहे का? त्यानं कार्बन डायऑक्साइड उतरत नाही, पण तरंगणारे कण गाळले जातात, एवढं समजलंय. आपल्याकडे तसा चौकोनी पंखा मिळत नाही, त्याऐवजी काय वापरलंत? फिल्टर कुठे मिळाले?

एक विक्रेता ओझोनचं मशीन गळ्यात मारत होता. ओझोन फुफ्फुसालाच घातक, त्याला नाही म्हटलं. छताजवळ लावायच्या, हवेतले जंतू मारणाऱ्या यूव्ही (अतिनील) दिव्यांचा अनुभव असेल तर मात्र सांगा. १० फुटी खोलीत मुलांच्या डोळ्यांना धोका नको.

बजेट ४० हजार. सोमवारी गवंडी भिंत फोडायला येतोय, निदान झरोक्यांचं माप त्याआधी कळलं तर फार उपकार होतील.