विद्यापीठात नोकरी, अचानक दवाखान्यात न्यायची वेळ आली तर खर्च कोण देणार?

सातपुडाकर
राम राम मंडळी. मी जळगावला विद्यापीठात ठेकेदारामार्फत लॅब अटेंडंट आहे, पगार साडेसोळा हजार. मोठी बहीण तिथेच कायम क्लार्क. मे तोंडावर आलाय. कोणाला भोवळ आली, छातीत दुखलं तर खर्चाचं कसं करायचं?

गिरणाकाठ
भाऊ, आधी पगाराची स्लिप काढा. 21,000 पर्यंत पगार असला तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू. तुमचे 0.75 टक्के कापतात, 3.25 टक्के मालक भरतो. स्लिपवर कापलं म्हणजे भरलंच असं धरू नका, पोर्टलवर विमा क्रमांक टाकून बघा. ई-पहचान कार्डावर घरच्यांची नावं चढवून घ्या. जिवावर बेतलं तर जवळचा दवाखाना गाठा, खर्च नंतर मागता येतो. मात्र तो ठरलेल्या दरानेच मंजूर होतो, अख्ख्या बिलाच्या भरवशावर राहू नका.

केळीबाग
तुमच्या ताईंचं खातं वेगळं, त्यांना वैद्यकीय प्रतिपूर्ती, म्हणजे आधी खर्च करायचा आणि मग बिलं देऊन परत मागायचा. 19 मार्च 2005 च्या शासन निर्णयात खासगी दवाखान्यासाठी 27 आकस्मिक आणि 5 गंभीर आजार दिलेत. विद्यापीठात तो कसा लागू होतो ते आस्थापना शाखेत विचारा. रुग्ण तातडीने दाखल झाला हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. आमच्या काकांची फाईल परत आली ती मेडिकलच्या पावत्यांवर डॉक्टरांची सही नव्हती म्हणून. पुन्हा त्या सहीसाठी चकरा!

सिस्टरताई
पैशाचं नंतर, आधी 108 लावा, फुकट आहे. छातीत दुखणाऱ्याला मोटारसायकलवर मधे बसवून आणतात, तेवढं करू नका. उन्हाने माणूस तापला आणि असंबद्ध बडबडायला लागला तर सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर 108 लांबवू नका. लॅबमध्ये अंगावर अ‍ॅसिड सांडलं तर कपडे काढून किमान 20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा.

सातपुडाकर
आभारी. स्लिपवर कापलेले दिसतात, पोर्टलवर मागचे दोन महिने कोरे. ठेकेदार म्हणतो, सिस्टीम स्लो आहे.

गिरणाकाठ
हप्ता पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावा लागतो. दोन महिने सिस्टीम स्लो नसते भाऊ. स्लिपची झेरॉक्स जोडून लेखी अर्ज द्या, एक प्रत कुलसचिवांना. ठेकेदाराने बुडवलं तर मुख्य मालक म्हणून विद्यापीठालाच भरावं लागतं, त्यामुळे तिथून फोन लवकर जातो. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.