मदत हवी आहे: जिममधे बारवरच्या वजनाच्या प्लेट्स तशाच सोडून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला कसं सांगावं?

नमस्कार मंडळी,

विषय फालतू वाटेल पण महिनाभर डोक्याला ताप झालाय म्हणून शेवटी इथे विचारतेय. वय ४६, राहणार पुणे. शुगर बॉर्डरवर आली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या नुसतं चालून भागणार नाही, वजनं उचला, म्हणून सोसायटीच्या मागच्या जिममधे वर्षाचे पैसे एकदम भरले (परत मिळत नाहीत, त्यामुळे जिम बदला हा सल्ला कृपया नको). पाच महिने झाले, आता बेंच प्रेसला (बाकावर आडवं पडून बार छातीवरून वर ढकलायचा) मी नुसता बार मारते. हसू नका, नुसता बार २० किलोचा असतो.

आमची बॅच सकाळी सहाची. जागा एवढीशी, बेंच एकच, स्क्वॉटचा रॅक एकच, आणि नमुने मात्र सगळे हजर. एका सेटनंतर लॅट मशीनवर बसून दहा मिनिटं रील्स बघणारा, एका मशीनवर नॅपकिन दुसऱ्यावर बाटली ठेवून तिसऱ्यावर स्वतः बसणारा (एसटीत रुमाल टाकून जागा धरायची सवय, दुसरं काय), आरसा समोर येतो म्हणून रॅकमधे उभं राहून बायसेप मारणारा. एक जण उठून गेला की बेंचवर घामाचा आख्खा माणूस उमटलेला असतो, पुसायचं नाव नाही. पण यांचं मला फारसं काही नाही, "किती सेट राहिले हो?" असं दोनदा विचारलं की हलतात आणि बेंच काय मी पुसून घेते.

खरा प्रॉब्लेम आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. माणूस सज्जन, ह्यांचे मित्र, मला वहिनी म्हणतात, भेटले की आईंची चौकशी करतात. बेंचला १०० किलो मारतात, म्हणजे बार आणि दोन्ही बाजूंना २०-२० च्या दोन दोन प्लेट्स. शेवटचा सेट झाला की बार स्टँडवर ठेवतात, शेक प्यायला जातात आणि त्या चारही प्लेट्स तशाच! त्यांच्या मागून नंबर माझा. एक प्लेट म्हणजे पाच किलो पिठाच्या चार पिशव्या, कमरेच्या वरच्या उंचीवरून ओढून काढायच्या, कोपऱ्यातल्या स्टँडपर्यंत न्यायच्या, असं चार वेळा. माझा निम्मा व्यायाम तिथेच होतो.

गेल्या मंगळवारी ट्रेनर दिसेना, घरी डबे राहिलेले, म्हणून मीच काढायला गेले. एका बाजूची क्लिप काढली, पहिली प्लेट काढली, दुसरी काढली, आणि ती हातात असतानाच बारचं हे टोक सटकन वर आलं, माझ्या हनुवटीजवळून गेलं, पलीकडच्या दोन्ही प्लेट्स दाणकन जमिनीवर आणि आरसा वीतभर अंतराने वाचला. सगळी जिम बघायला लागली. ट्रेनर (वय २२ असेल) धावत आला आणि मलाच, "मॅडम, असं एका बाजूने काढायचं नसतं, विचारायचं ना." सेक्रेटरी पण आले, म्हणाले "वहिनी लागलं नाही ना? सांभाळून हं!" आणि गेले. प्लेट्स कोणाच्या होत्या हे ना त्यांच्या लक्षात आलं ना माझ्या तोंडून निघालं.

न निघण्याचं कारण असं की वरच्या फ्लॅटमधून आमच्या बाथरूममधे गळती आहे, दीड वर्ष झालं, आणि त्याचं पत्र ह्याच माणसाच्या टेबलावर पडून आहे. आता जिममधे वाकडं बोलून ते पत्र आणखी खाली जायला नको.

तर प्रश्न असे की त्यांना न दुखावता कसं सांगू, मालकाला सांगून पाटी लावून घेतली तर उपयोग होतो का, आणि प्लेट्स काढायची बरोबर पद्धत कोणती? धाग्याचं भांडण करू नका, मनापासून विचारतेय.

*

प्रतिसाद: आधी शेवटचं. इकडची एक, मग तिकडची एक, परत इकडची, असंच काढायचं. बेंचचा स्टँड जुना, अरुंद असेल तर बार पलटी व्हायला वेळ लागत नाही, कारण प्लेट्सचं वजन स्टँडच्या बरंच बाहेर लटकत असतं. आणि २० ची प्लेट छातीला टेकवून न्या, लांब हाताने धरलीत तर कंबर जाईल. ट्रेनरने हे पहिल्याच दिवशी शिकवायला हवं होतं, उगाच तुमच्यावर चढला.

प्रतिसाद: कोल्हापूरच्या तालमीत असला प्रकार करून बघा म्हणावं, वस्ताद कुस्तीचा हौदा खणायला लावतील आठवडाभर.

प्रतिसाद: इथे म्युनिकला माझ्या जिममधे टॉवेल अंथरल्याशिवाय बेंचला पाठ टेकवू देत नाहीत, विसरलात तर काउंटरवर भाड्याने घ्या. प्लेट्स मात्र इथेही लोक टाकून जातात, त्यात जर्मन शिस्त वगैरे काही नाही.

प्रतिसाद: ताई, मी तोच माणूस होतो म्हणून लिहितो. शेवटचा सेट झाल्यावर हात नुसते भरलेले असतात आणि डोक्यात एवढंच असतं की पुढचा येईल तो यावरच चढवेल. आपल्यामागून कोणी नुसता बार मारणारं येईल हे खरंच सुचत नाही, माज नसतो तो. पाटीचा उपयोग शून्य, आमच्याकडे तीन पाट्या होत्या, मी त्यातल्या एकीवर शर्ट अडकवायचो. मला सुधारलं एका आजोबांनी. ते शेवटच्या सेटलाच येऊन शेजारी उभे राहिले आणि बार ठेवल्या ठेवल्या म्हणाले, "चल, तुझ्या बाजूची तू, माझ्या बाजूची मी." नाही कसं म्हणणार? चार दिवसांत सवय लागली. तक्रार करायला नंतर जाऊ नका, मदत मागायला आधी जा.

*

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. वस्ताद कुठून आणू, आमचा वस्ताद स्वतःच सेल्फी काढत असतो! शर्टवाल्या दादांचा उपाय शुक्रवारी केला. त्यांचा शेवटचा सेट चालू असतानाच जाऊन उभी राहिले, छातीत धडधड, आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाले, "भावजी, यानंतर मी आहे, एकेक बाजू काढूया का? मंगळवारी माझी फजिती झाली ना." दोन सेकंद माझ्याकडे, मग बारकडे बघत राहिले. म्हणाले "अरेच्चा, त्या माझ्या होत्या काय?" आणि चारही स्वतःच उचलून ठेवल्या, मला हात लावू दिला नाही.

आता नवीनच सुरू झालंय. रोज २० च्या सगळ्या काढतात पण दोन्ही बाजूंना अडीच अडीच किलो चढवून ठेवतात. "वहिनी, तुमच्यासाठी ठेवलंय, किती दिवस नुसता बार मारणार?" आज २५ किलोचे चार रेप्स गेले, पाचव्याला त्यांनीच बार धरला. गळतीचं पत्र काढायचं म्हणून तोंड उघडलं, तर म्हणाले बोलू नका, श्वास सोडा.