ताईला अपघाताबद्दल बोलतं करावं की विषयच काढू नये?

भुईचाफा:
मावसबहीण आणि भावोजी मार्चमध्ये बाईकवरून गावाहून परत येत होते, मागून ट्रकने उडवलं, भावोजी जागीच गेले. ताई मागे बसलेली, तिचा फक्त हात मोडला. चार महिने होत आले. दिवसकार्यात ती अजिबात रडली नाही त्यावरून बायकांची कुजबुज झाली ती वेगळीच. आता रात्री दचकून उठते, हॉर्न वाजला की हातातलं भांडं सुटतं, आणि सारखं एकच, "मीच म्हटलं ना आत्ताच निघू". मावशी म्हणते विषयच काढू नका, माझा नवरा म्हणतो एकदा सगळं बोलून टाकलं की मोकळी होईल. सासरच्यांनी तर भावोजींचे कपडे तिला न विचारताच देऊन टाकले!! काय करू? मला तर तिच्यासमोर शब्दच फुटत नाहीत.

मेघा_पाटण:
मी सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर आहे. खोदून खोदून "नक्की काय झालं सांग" हे नकोच, जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची २०११ची पुस्तिकाही जबरदस्तीने बोलतं करू नका असंच सांगते. पण ती आपणहून बोलली तर विषय बदलू नका. "मीच म्हटलं" ला लगेच "अगं तुझी काय चूक" म्हणून तिला गप्प करू नका, "सारखं तेच येतं ना मनात?" एवढं विचारा आणि ऐका. रडली नाही कारण धक्क्याने माणूस बधिर होतो, त्याचा प्रेमाशी संबंध नाही.
दचकणं, हॉर्नची धास्ती हे महिन्याच्या वर टिकलंय म्हणजे पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर होणारा मानसिक आजार) असू शकतो, सायकिअ‍ॅट्रिस्टला दाखवाच. ट्रॉमासाठीची सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारी बोलण्याची थेरपी), ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम करणारी थेरपी) असे उपचार आहेत. नुसत्या दुःखाला मात्र एवढ्यात आजार म्हणू नका, आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) सुद्धा त्यासाठी किमान ६ महिने धरते. झोपेच्या गोळ्या परस्पर सुरू करू नका. आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का हे सरळ विचारा, विचारल्याने डोक्यात भरत नाही. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन, १४४१६, फुकट, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता.

रानवाट:
माझा भाऊ असाच गेला. "काही लागलं तर सांग" शंभर जण म्हणाले, वहिनी कुणाला काय सांगणार होती कप्पाळ. चुलतभाऊ मात्र फाईल घेऊन यायचा, पंचनामा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, वारसनोंद, क्लेमचा वकील सगळं त्याने ओढलं. तुमची ताई तर साक्षीदार पण असेल, जबाबाला तिला एकटीला पाठवू नका, तेच तेच परत सांगावं लागतं तिथे.

कृष्णाकाठ:
कपड्यांचं वाचून डोकं फिरलं. एखादा शर्ट, घड्याळ राहिलं असेल तर मागून घ्या. आणि कुंकू-बांगड्यांवरून कुणी काही करत असेल तर मोठ्यांनी पुढे होऊन थांबवा. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने २०२२ मध्ये ठराव करून या प्रथा बंद केल्या, गाव करू शकतं तर एक घर का नाही.

भुईचाफा:
थँक्यू सगळ्यांना. पण डॉक्टर म्हटलं की ती म्हणते "मला वेडी ठरवता का".

मेघा_पाटण:
मग वेड-बीडचा शब्दच नको, "झोप नाही ना होत, त्यासाठी जाऊ, मी येते सोबत" म्हणा. अपॉइंटमेंट तुम्हीच घ्या, आणि जाताना त्या रस्त्याने नेऊ नका.